समोर पाहून मागं

चामोर्शीच्या बाजारात वांगी आणायला उलटा चालत जाणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी पाहिला आहे. नुसता पाहिला नाही, त्याच्या घराची पुढची खोली भाड्याने घेऊन तिथे धंदा केला आहे. हातात पिशवी, डोक्याला गमछा, तोंड घराकडे आणि टाचा बाजाराकडे, असा तो निघायचा. वाटेत सायकली, बैलबंड्या, म्हशी, खेड्यापाड्यातून आलेल्या बाया. कोणाला धक्का नाही. नेमका भाजीवालीच्या पुढे थांबायचा आणि मान न वळवता म्हणायचा, "पाव किलो दे. किडके नको." तिने पहिल्या बाजारी त्याच्या पाठीशी भाव केला. पुढे पुढे ती त्याला पाठीवरूनच ओळखू लागली. समोरून आला तर म्हणायची, "तुमाले कुठी पाह्यलं जी?"

गल्लीतली कुत्री आधी त्याच्यावर भुंकायची. पण माणूस येतो आहे की जातो आहे हे ठरल्याशिवाय कुत्र्याला नीट भुंकता येत नाही, आणि याचं काही ठरत नव्हतं. शेवटी ती दमली. त्यातलं एक तर स्वतःच उलटं चालायला लागलं. हे सांगितलं की लोक हसतात. हसा. ते कुत्रं आता नाही, नाहीतर आणून दाखवलं असतं.

हा माझा घरमालक वेडा नव्हता. तो बायकोला परत आणायची तयारी करत होता.

झालं होतं असं. मोहाच्या दिवसात तो सासुरवाडीला गेला होता. सासुरवाडी जंगलाला चिकटलेली. मोहाची फुलं पडायला लागली की तिथे सगळं गाव उजाडता उजाडता टोपली घेऊन झाडाखाली. हे दोघं नवराबायको फुलं वेचत होते आणि त्याच झाडाखाली, त्याच कामासाठी, अस्वल आलं. अस्वलालाही मोह माणसाइतकाच आवडतो, फक्त ते फुलं वाळायची वाट पाहत नाही. घरमालकाच्या सांगण्याप्रमाणे ते अस्वल एसटीच्या गाडीएवढं होतं आणि तेवढाच धूर सोडत होतं. त्याच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या वहिनींच्या, सांगण्याप्रमाणे ते बेताचंच होतं आणि त्याने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. मी दोघांचा मान राखून ते बैलबंडीएवढं धरतो.

भांडण अस्वलाच्या मापावरून नव्हतंच. हा पळाला, त्याचं होतं. पाठ फिरवून जो सुटला तो थेट सासऱ्याच्या अंगणात. बायको झाडाखालीच राहिली, पण मोहाचं भरलेलं टोपलं मात्र याच्या डोक्यावर होतं. एक फूल सांडलं नव्हतं.

वहिनी अस्वलाकडे तोंड ठेवून, पाऊल पाऊल मागे सरकत गावात आल्या. तिकडे शेंबड्या पोरालाही शिकवलेलं असतं की जनावराला पाठ दाखवायची नाही. अंगणात हा गडवा तोंडाला लावून पाणी पीत होता. त्या टोपल्याकडे बघून म्हणाल्या, "मले सोडलं अन हे आणलं ना? मंग याच्यासंगंच राहा." आणि माहेरीच राहिल्या.

सासरा समजूतदार माणूस. त्याने मधला मार्ग काढला. "पुढच्या मोहाले या जवाई. त्याच झाडाखाली, पोरीसंगं मोह वेचा. पाठ नाई दाखवली, तं पोरगी घेऊन जा. दाखवली, तं टोपलं घेऊन जा."

म्हणजे याच्याकडे पुढचा मोह फुलेपर्यंत वेळ होता. आणि नेमका त्याच उन्हाळ्यात मी चंद्रपूरहून दोन टीव्ही, गेमचे दोन डबे आणि सीड्यांची पिशवी घेऊन त्याच्या पुढच्या खोलीत उतरलो. बाहेर पाटी लावली, 'व्हिडिओ गेम पार्लर'. घरमालकाने ती पाटी वाचून मला पहिला प्रश्न विचारला तो असा, "यात केस कापतात का?"

दुसऱ्या दिवशी तो दारात येऊन उभा राहिला. आत दोन पोट्टे मारामारीचा गेम खेळत होते. तुम्हाला माहीत नसेल तर सांगतो. पडद्यावर दोन गडी आमोरासमोर, हातात आपापला रिमोट, आणि वेळ संपेपर्यंत किंवा एकाचा जीव संपेपर्यंत लाथाबुक्क्या. घरमालक बराच वेळ पाहत राहिला. मग बोट दाखवून म्हणाला, "हा ढेरपोट्या मार खाऊन राह्यला."

"हो भाऊ."

"मागं मागं जाऊन राह्यला."

"हो."

"पण तोंड समोरच हाय त्याचं."

"असंच असतं भाऊ. मागचं बटण दाबलं की गडी मागे सरकतो, आणि मार पण अडवतो."

"अन पाठ दाखवून पळायचं असन, तं कोणतं बटण?"

"तसं बटणच नाही."

त्याने चप्पल काढली, आत आला आणि देवळात बसावं तसा टीव्हीपुढे मांडी घालून बसला. त्या दिवशी बसला तो रोहिण्या लागेपर्यंत फक्त जेवायला उठला. भाड्याचं बोलणं निघालं की म्हणायचा, "दुपारचा गेम माहा ठेवा, बाकी पाहून घेऊ." दुपारी तसंही लोडशेडिंग असायचं. लाइट गेली की पोट्टे घरी पळायचे, हा मात्र बंद टीव्हीसमोर रिमोट दाबत बसायचा. मी म्हटलं, भाऊ, लाइट नाही. तो म्हणाला, "अंगठ्याले कायची लाइट लागते?"

त्याचं एक शास्त्र होतं. ते तो येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना ऐकवायचा. "पाय डोक्याचं ऐकत नाई. त्या दिवशी डोकं म्हणून राह्यलं होतं, थांब. पाय म्हणे, तू थांब, आमी जातो. पाय ऐकते हाताचं. हात शिकवला का पाय आपोआप शिकते." आणि शेवटी त्याचा मंत्र, "समोर पाहून मागं."

खेळायला त्याने तोच ढेरपोट्या पैलवान निवडला. गेममधला सगळ्यात जड, सगळ्यात मंद गडी. त्याचं नाव याने 'जवाई' ठेवलं. समोर कायम एक काळा केसाळ आडदांड. त्याचं नाव काय ठेवलं असेल ते सांगायला नको. बुक्की मारायचं बटण कोणतं हे त्याने मला कधी विचारलं नाही. त्याला फक्त मागे जायचं होतं, आणि वेगाने जायचं होतं.

वेगाने मागे जायची युक्ती सुटीत मामाकडे आलेल्या नागपूरच्या एका कॉलेजवाल्याने दाखवली. मागचं बटण दोनदा दाबलं की गडी मागे उडी घेतो. पण उडी संपेपर्यंत तो अडकलेला असतो, तेवढ्यात मार बसतो. म्हणून उडी पुरी व्हायच्या आतच बटण तिरपं, खाली-मागे, दाबून ती तोडायची आणि लगेच परत मागे उडी. तोड आणि उडी, तोड आणि उडी. कॉलेजवाल्याच्या हातात तो जडशीळ पैलवान असा सरकला की जणू कोणीतरी त्याच्या पायाखालची सतरंजी ओढत होतं. घरमालकाचे डोळे भरून आले, हे मी शपथेवर सांगतो.

"किती दिवसात येते हे?"

"अंकल, अंगठा बनाव लागते. मले सहा महिने लागले."

"माह्यापाशी मोहापर्यंत हाय."

सोपं वाटत असेल तर करून पाहा. खाली जरा जास्त दाबलं तर गडी सरळ खाली बसतो. घरमालकाचा जवाई बसायचा. उठायचा. पुन्हा बसायचा. अस्वल येऊन कानफटात मारायचं आणि जवाई उठाबशा काढायचा, शाळेत पाढे न आलेल्या पोरासारखा. हे पाहायला गर्दी व्हायला लागली. पोट्टे स्वतःचा नंबर सोडून याचा खेळ बघायचे. अंगठ्याला आधी फोड आले, मग फोडांवर फोड, मग तो रोज रात्री जेवणानंतर टोळीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं, तेल चोळायला लागला. शेवटी अंगठ्यावर असा घट्टा पडला की पाहुणा आला तर अडकित्त्याऐवजी तो अंगठाच पुढे करायचा. सुपारी फुटायची. निदान मी तरी ती फुटलेलीच पाहिली.

आणि हाताने शिकलेलं पायाला पोचतं की नाही हे तपासायला तो उलटा चालायला लागला. आधी घरात, मग गल्लीत, मग बाजारात. हॉटेलवाल्याने विचारलं, "भाऊ, काऊन उलटे चालून राह्यले?" तर म्हणाला, "मी सरळच चालून राह्यलो. रस्ता उलटा हाय."

पण उठाबशा काही सुटेनात. पाऊस लागला, धानाच्या बांध्या भरल्या, रोवणी सुरू झाली, तरी जवाई बसलेलाच. घरमालकाची तलावाखाली धानाची थोडी जमीन होती. एका सकाळी तो मला हाताला धरून तिकडे घेऊन गेला. बांधीत बाया ओळीने धान रोवत होत्या. तुम्ही रोवणी पाहिली असेल. बाई वाकते, चिखलात रोप खोचते, एक पाऊल मागे. पुन्हा वाकते, खोचते, पुन्हा मागे. सगळी ओळ गाणं म्हणत मागे मागे सरकते आणि समोर हिरवं होत जातं. घरमालक बांधीच्या कडेला धुऱ्यावर उभा राहून बघत होता. त्याचा अंगठा आपोआप हलायला लागला. हवेत, गाण्याच्या तालावर.

"गेमवाले," तो हळूच म्हणाला, "हे पाहा. खाली, मागं. खाली, मागं. खाली किती? रोप खोचण्यापुरतं. बसत नाई कोणी."

आणि धोतर खोचून तो चिखलात उतरला. आता आमच्याकडे पुरुषाने चिखलणी करावी, रोपांच्या पेंढ्या टाकाव्यात. रोवायला उतरलेला पुरुष म्हणजे तमाशा. ओळीतल्या म्हाताऱ्या बाईने गाणं थांबवलं. "काऊन जी, बाईले माहेरी बसवलं अन आता बाईचं काम शिकून राह्यले?"

"हो बाई."

"मंग लुगडं पण आणाव का?"

"आणा. पण गाणं थांबवू नका. ताल जाते माहा."

रोवणी संपेपर्यंत तो रोज त्या ओळीत होता. त्याने रोवलेली धानाची ओळ इतकी वाकडी आली की कापणीच्या वेळी इळा घेऊन माणसं त्यात वाट चुकली म्हणतात. पण दिवाळीच्या आसपास एका दुपारी, लाइट असताना, त्याने रिमोट हातात घेतला, रोवणीचं गाणं नाकात गुणगुणायला लागला, आणि जवाई सरकला. बसला नाही, अडकला नाही. ढेरीसकट, तळ्यावरून बदक जावं तसा पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मागे गेला. अस्वल हवेत हात मारत राहिलं.

मग कापडवाल्या चाचांच्या मोठ्या मुलाशी सामना झाला. तो आमच्या पार्लरचा चॅम्पियन, बोलायला गोड आणि हाताने कसाई. बाजाराचा दिवस होता, खिडकीतसुद्धा डोकी. खेळ सुरू झाला आणि जवाई मागे सरकायला लागला. चॅम्पियनची एक लाथ लागेना. त्याला घाम फुटला. "भाऊ, एखादी तरी मारो ना यार. अशानं मजा नाई येत."

"मले मारायचं नाई," घरमालक पडद्यावरची नजर न काढता म्हणाला. "मले घरी न्यायचं हाय."

पोट्ट्यांना वाटलं हा रिमोटबद्दल बोलतोय.

आणि मग भिंत आली. गेममध्ये मैदान संपतं तिथे भिंत असते. तिच्यापुढे मागे जाता येत नाही. जवाईची पाठ भिंतीला टेकली. घरमालकाच्या गाण्याचा सूर तुटला. आता फक्त मागचं बटण दाबून धरायचं, मार अडवायचा, वेळ संपायची वाट पाहायची. एवढंच. पण घरमालक ताडकन उठला, वळला, आणि पाठ दाखवून दारातून जो सुटला तो थेट तलावावर. रिमोट त्याच्या हातातच होता. रिमोटमागे वायर, वायरमागे गेमचा डबा, डब्यामागे टीव्ही. चार पोट्ट्यांनी झोंबून टीव्ही धरला म्हणून वाचला.

खोलीत कोणी हसलं नाही. सगळ्यांना टोपल्याची गोष्ट माहीत होती.

तलावाच्या पारीवर, बांधाच्या उंचवट्यावर, तो तुटकी वायर मांडीवर घेऊन बसला होता. चॅम्पियन माझ्यासोबत आला होता. तो त्याच्या शेजारी बसला. "भाऊ, तुमचं मागे जाणं माझ्यापेक्षा भारी हाय. खुदा कसम. बस, दीवार आली की थांबायचं. त्यात काही सीखायचं नसते."

"त्याचंच तं बटण नाई सापडून राह्यलं," घरमालक म्हणाला.

त्यानंतर तो खेळायला आला नाही. उलटं चालणं सुरू होतं, पण भिंत दिसली की लांबून वळसा घालायचा. आणि बघता बघता मोहाची पानं झडली, फुलं पडायला लागली.

साक्षीदार म्हणून तो मला सोबत घेऊन गेला. सकाळी झाडाखाली आम्ही तिघं. वहिनी आपल्या वेचत होत्या. मला "या भाऊ" म्हणाल्या, याला काहीच नाही. हा टोपलं भरत होता. खाली पिवळसर फुलांचा सडा, वास असा की नुसता श्वास घेऊन माणूस झिंगावा. टोपलं भरत आलं आणि झुडपातून अस्वल निघालं.

ते तेच होतं की त्याची मावशी, मला ठाऊक नाही. पण एसटीएवढं होतं, हे मी आता मान्य करतो. मी तेव्हा नेमका कुठे होतो ते विचारू नका. वरून सगळं नीट दिसतं, एवढंच सांगतो.

घरमालकाने हातातलं टोपलं खाली ठेवलं. रिकामा अंगठा हलायला लागला. मग गुणगुण ऐकू आली. रोवणीचं गाणं. आणि तो सरकला. किंचित वाकून, मागे. किंचित वाकून, मागे. तोंड समोर, डोळे समोर. अस्वलाने मान वर केली. जंगलात त्याने बरीच माणसं पाहिली असतील, पण चिखल नसताना रोवणी करणारा माणूस पहिल्यांदाच पाहत असावं. ते मागच्या पायांवर उभं राहिलं, नीट दिसावं म्हणून.

वहिनी त्याच्या मागेच होत्या. त्यांनाही सरकता आलं असतं. सरकण्यात त्या त्याच्या गुरू. पण त्या हलल्या नाहीत. "मुद्दाम नाई हलली," पुढे एकदा मला म्हणाल्या. "पाहाचं होतं मले."

त्याची पाठ त्यांच्या खांद्याला टेकली.

भिंत आली, हे त्याला कळलं. मला वरून कळलं. गाणं थांबलं. त्याचा एक पाय तर वळायलाही निघाला होता. पायाचा अंगठा बाहेर, टाच उचललेली. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा टाच खाली टेकली होती. दोन्ही हात त्याने जरासे पसरले होते, बांधीतलं पाणी अडवावं तसे. तो तसाच उभा होता. सांगायला गेलं तर त्याने काहीच केलं नाही. माझ्या पार्लरमध्ये त्यापेक्षा मोठा खेळ कोणी खेळलेला मला आठवत नाही.

अस्वल खाली आलं, टोपल्यापाशी गेलं, आतली सगळी फुलं खाल्ली, टोपलं पायाने उलटं करून तळाशी काही राहिलं का पाहिलं, आणि आलं त्या वाटेने निघून गेलं.

मग वहिनी म्हणाल्या, "टोपलं कुठी हाय?"

"तिथी ठेवलं."

"भरलेलं?"

"भरलेलं."

वहिनींनी त्याच्या पाठीवर चिकटलेलं एक मोहफूल काढलं. "अन हे वाकून वाकून काय करून राह्यले होते?"

"रोवणी."

"इतकं वाकत नाई रोवणीत," त्या म्हणाल्या, आणि तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. हसता हसता वर पाहून मला म्हणाल्या, "भाऊ, अस्वल झाडावर चढते. उतरा आता."

त्याच दुपारच्या गाडीने आम्ही परतलो. चामोर्शीच्या स्टँडवर टपावरून वहिनींची लोखंडी पेटी उतरली. माहेरी वर्षभर राहिलेल्या बाईची पेटी, ती. हमालाने नुसती पाहूनच मान हलवली. मग एक कडी वहिनींनी धरली आणि एक याने. पेटी अशी दोघांनी धरली की एकाला उलटं चालावंच लागतं.

तो उलटा निघाला. बाजाराचा दिवस, बंड्या, सायकली, म्हशी. त्याची नजर वहिनींवर आणि टाचा घराकडे. वहिनी सांगायला जायच्या, "डावीकडे खड्डा..." तोवर तो खड्डा चुकवून गेलेला असायचा. भाजीवालीने त्याची पाठ येताना पाहिली आणि सवयीने ओरडली, "पाव किलो देऊ का?"

"आज अर्धा किलो," तो न वळता म्हणाला.